चार्ल्स्टनमधील ज्यू समाज

चार्ल्स्टनमधील ज्यू समाज : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन या अटलांटिक किनाऱ्यावरील बंदरात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून वसलेला समाज. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे सुमारे १८०० ते १८२० या काळात, अमेरिकेतील कोणत्याही शहरापेक्षा अधिक ज्यू येथे राहत होते आणि पुढे देशभर पसरलेल्या सुधारणावादी ज्यू पंथाचा अमेरिकेतील पहिला संघटित प्रयत्नही येथेच झाला. शहराचे मूळ नाव चार्ल्स टाउन होते. १७८३ मध्ये ते बदलून चार्ल्स्टन करण्यात आले.

प्रारंभीची वसाहत : इंग्लंडच्या राजाकडून कॅरोलायनाची सनद मिळालेल्या मालकांनी १६६९ मध्ये वसाहतीसाठी ‘मूलभूत घटना’ तयार करविली. तिच्या रचनेत जॉन लॉक या तत्त्वज्ञाचा सहभाग होता. कोणत्याही धर्माच्या सात किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र येऊन आपले उपासक-मंडळ स्थापन करावे, अशी मुभा तिच्यात होती आणि या संदर्भात ज्यूंचा स्पष्ट उल्लेख होता. वसाहतीच्या प्रतिनिधिसभेने ही घटना रीतसर कधीच स्वीकारली नाही. तरीही वसाहतीत माणसे आणि भांडवल यावे म्हणून मालकांनी अंगीकारलेले सहिष्णुतेचे धोरण प्रत्यक्षात टिकून राहिले. ज्यूंच्या वास्तव्याची पहिली नोंद १६९५ ची असून तीत गव्हर्नर जॉन आर्चडेल यांच्याकडे दुभाष्याचे काम करणाऱ्या एका स्पॅनिशभाषक ज्यूचा उल्लेख आढळतो. दोनच वर्षांनी झालेल्या कायद्यान्वये फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगेनॉ पंथीय प्रॉटेस्टंटांबरोबर काही ज्यू व्यापाऱ्यांनाही नागरिकत्वाचे हक्क मिळाले. अठराव्या शतकाच्या आरंभी झालेल्या एका निवडणुकीत ज्यूंनी मतदान केल्याची तक्रार विरोधी गटाने नोंदविली होती. त्या काळी अन्यत्र दुर्मीळ असलेला हा हक्क ज्यू येथे बजावीत होते, हे तीवरून दिसून येते.

आरंभीच्या कुटुंबांपैकी अनेक सेफार्दी होती. स्पेन व पोर्तुगाल येथून पंधराव्या शतकाच्या अखेरीस हद्दपार झालेल्या किंवा सक्तीच्या धर्मांतरानंतर तेथून निसटलेल्या ज्यूंच्या वंशजांना सेफार्दी म्हणतात. मध्य व पूर्व यूरोपातील ज्यूंना आश्केनाझी अशी संज्ञा आहे. लंडन, ॲम्स्टरडॅम व वेस्ट इंडीज बेटे या मार्गांनी हे व्यापारी आले, तर १७४० च्या सुमारास स्पॅनिश आक्रमणाच्या भीतीने जॉर्जियातील सव्हॅना सोडलेल्या काही कुटुंबांची त्यांत भर पडली. १७४९ मध्ये ‘काहाल कादोश बेथ एलोहिम’ (देवाचे घर, पवित्र मंडळी) हे उपासक-मंडळ स्थापन झाले आणि आयझॅक दा कोस्टा हे त्याचे पहिले हझान झाले. प्रार्थना सुरावर म्हणून उपासना चालविणाऱ्यास हझान म्हणतात. महाराष्ट्रातील बेने इस्रायलींमध्येही हाच शब्द रूढ आहे. मंडळातील आश्केनाझींची संख्या पुढे वाढत गेली, तरी उपासनेची पद्धत सेफार्दीच राहिली. दा कोस्टा कुटुंबाची कमिंग स्ट्रीटवरील खासगी दफनभूमी १७६४ मध्ये मंडळाकडे आली.

वसाहतीच्या अर्थव्यवस्थेत तांदळाच्या खालोखाल निळीला महत्त्व होते. नीळ पारखण्यात निष्णात असलेले मोझेस लिंडो १७५६ मध्ये लंडनहून चार्ल्स्टनला आले व १७६२ मध्ये त्यांची वसाहतीच्या निळीचे महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. मालाची प्रत ठरवून ती प्रमाणित करण्याचे काम त्यांच्याकडे असल्याने इंग्लंडच्या बाजारात कॅरोलायनाच्या निळीला पत मिळण्यास मदत झाली.

क्रांतियुद्ध आणि नागरी हक्क : लंडनहून येऊन राज्याच्या अंतर्भागात मळे घेतलेले फ्रान्सिस सॅल्व्हाडोर यांची १७७५ मध्ये भरलेल्या प्रांतिक काँग्रेसवर निवड झाली होती. अमेरिकेच्या भूमीत लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आलेले ते पहिले ज्यू मानले जातात. १ ऑगस्ट १७७६ रोजी इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या निष्ठावंतांशी व त्यांच्या चेरोकी साथीदारांशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. राज्याच्या १७७८ च्या घटनेने विधिमंडळाचे सदस्यत्व प्रॉटेस्टंटांपुरते मर्यादित ठेवले होते. ही अट १७९० च्या घटनेने काढून टाकली आणि गोऱ्या ज्यूंना पूर्ण राजकीय समता मिळाली.

यानंतरची तीन दशके भरभराटीची होती. १७८४ मध्ये हिब्रू परोपकारी संस्था आणि १८०१ मध्ये हिब्रू अनाथ संस्था स्थापन झाली. हेझल स्ट्रीटवर बांधलेल्या प्रशस्त सिनेगॉगचा अर्पणविधी १७९४ मध्ये झाला. घाऊक व्यापारी, लिलाव करणारे दलाल, वृत्तपत्रांचे संपादक, वैद्य, वकील अशा सर्व व्यवसायांत ज्यू दिसू लागले. शहराच्या सार्वजनिक जीवनात त्यांचा वावर मोकळा होता.

सुधारणेची चळवळ : या मोकळेपणाचा ताण उपासनागृहात जाणवू लागला. प्रार्थना संपूर्ण हिब्रूत होत, देणग्या पुकारताना अनेकांना न समजणारी इबेरियन भाषा वापरली जाई आणि उपासनेचा कालावधी फार मोठा असे. मंडळाची सत्ता ‘अजुंटा’ नावाच्या कार्यकारी समितीकडे एकवटली होती. १८२४ च्या अखेरीस ४७ जणांनी अजुंटाकडे अर्ज करून प्रार्थनांचा काही भाग इंग्रजीत म्हणावा, उपासना आटोपशीर करावी आणि दर शब्बाथला (शनिवारच्या पवित्र विश्रांतिदिनी) इंग्रजीत प्रवचन व्हावे, अशा मागण्या केल्या. समितीने अर्ज फेटाळल्यावर १८२५ च्या आरंभी अर्जदारांनी ‘रिफॉर्म्ड सोसायटी ऑफ इझ्राएलाइट्स’ ही स्वतंत्र संस्था काढली. तिचे प्रमुख प्रवक्ते आयझॅक हार्बी (१७८८–१८२८) हे शिक्षक, नाटककार व पत्रकार होते. हार्बी यांनी संस्थेच्या पहिल्या वर्धापनदिनी केलेले भाषण वाचून माजी राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनी जानेवारी १८२६ मध्ये त्यांना अनुकूल उत्तर पाठविले.

जर्मनीतील हँबुर्ग येथे १८१८ मध्ये सुधारित उपासना सुरू झाली होती व तिची वार्ता चार्ल्स्टनमध्ये पोहोचलेली होती. तथापि येथील चळवळीत एकही रब्बी नव्हता, हे तिचे वैशिष्ट्य होय. बहुतांशी याच मातीत जन्मलेल्या व धर्मशास्त्राचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या गृहस्थांनी ती उभारली. हार्बी, एब्राहम मोईझ व डेव्हिड न्यून्स कार्व्हालो यांनी तयार केलेले संस्थेचे प्रार्थनापुस्तक १८३० मध्ये छापले गेले. अमेरिकेतील ते पहिले सुधारित ज्यू प्रार्थनापुस्तक होय. पैशाची चणचण, हार्बी यांचे न्यूयॉर्कला स्थलांतर व तेथील अकाली मृत्यू आणि आप्तस्वकीयांचा विरोध यांमुळे संस्था १८३३ मध्ये बंद पडली व तिचे बरेच सभासद मूळ मंडळात परतले.

ऑर्गनचा वाद : एप्रिल १८३८ मध्ये शहराला लागलेल्या मोठ्या आगीत जुने सिनेगॉग भस्मसात झाले. नवी इमारत डेव्हिड लोपेझ या ज्यू कंत्राटदाराने ग्रीक पुनरुज्जीवन शैलीत, दर्शनी भागी डोरिक धाटणीचे स्तंभ उभारून बांधली. बांधकाम चालू असतानाच तीत ऑर्गन बसवावा, अशी मागणी पुढे आली. शब्बाथच्या दिवशी वाद्य वाजविणे परंपरेला मान्य नव्हते. कारण त्या दिवशी सर्व प्रकारचे काम निषिद्ध असते व जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यापासून उपासनेत वाद्यसंगीत वर्ज्य मानले गेले होते. १८३६ मध्ये नेमलेले हझान गुस्टाव्हस पोझ्नान्स्की यांनी मात्र ऑर्गनला पाठिंबा दिला आणि जुलै १८४० मध्ये ४० विरुद्ध ४६ मतांनी तो संमत झाला. मार्च १८४१ मधील अर्पणविधीच्या भाषणात पोझ्नान्स्की यांनी हे शहर व हा देश हीच आपली पवित्र भूमी असल्याचे प्रतिपादन केले. पूर्वजांच्या देशी परतण्याची आशा प्रार्थनेत जपणाऱ्या परंपरेशी हे मत उघड विसंगत होते.

परंपरानिष्ठांनी बाहेर पडून ‘शेरिथ इझ्राएल’ हे वेगळे मंडळ काढले. मूळ मंडळात राहिलेल्या दोन गटांतील मालकीहक्काचा वाद न्यायालयात गेला. राज्याच्या अपील न्यायालयाने १८४६ मध्ये, उपासनेचा कोणता प्रकार शास्त्रशुद्ध आहे हे ठरविणे न्यायालयाचे काम नव्हे, अशी भूमिका घेतली आणि निकाल सुधारकांच्या बाजूने लागला. धार्मिक संस्थांच्या अंतर्गत वादांत न्यायालयांनी कितपत हात घालावा, या विषयावरील आरंभीच्या अमेरिकन निवाड्यांपैकी हा एक होय. फूट मृतांपर्यंतही पोहोचली : शेरिथ इझ्राएलने कमिंग स्ट्रीटच्या दफनभूमीला लागूनच स्वतःसाठी जागा घेतली आणि दोहोंमध्ये विटांची भिंत घातली. दोन्ही मंडळे पुन्हा एक झाल्यावर ती पाडण्यात आली.

याच काळात कवयित्री पेनिना मोईझ (१७९७–१८८०) यांनी मंडळासाठी इंग्रजी स्तोत्रे रचली. त्यांचा १८३३ मधील कवितासंग्रह हे अमेरिकेतील ज्यू स्त्रीने प्रसिद्ध केलेले पहिले कवितांचे पुस्तक मानले जाते.

गुलामगिरी : चार्ल्स्टन हे उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे सर्वांत मोठे बंदर होते व ज्यू समाजही या व्यवस्थेचाच घटक होता. १८२० व १८३० च्या जनगणनांच्या अभ्यासावरून शहरातील तीन-चतुर्थांशाहून अधिक ज्यू कुटुंबांकडे गुलाम होते, असे दिसते. इतर गोऱ्या कुटुंबांतील प्रमाणाहून ते फारसे वेगळे नव्हते. लोपेझ यांच्या बांधकामांतही गुलामांचे श्रम वापरले गेले. मंडळाच्या १८२० च्या घटनेने कृष्णवर्णीय धर्मांतरितांना सदस्यत्व नाकारले होते. असे असूनही बिली सिमन्स नावाचा एक कृष्णवर्णीय गुलाम १८५० च्या दशकात शब्बाथच्या उपासनेला नियमितपणे येत असे. तो वृत्तपत्रे घरोघर पोहोचविण्याचे काम करी व आपण प्राचीन इस्राएलशी संबंधित रेखाबी कुळातील असल्याचे सांगे. दक्षिणेच्या बंडखोर संघराज्यात महान्यायवादी, युद्धमंत्री व परराष्ट्रमंत्री झालेले ज्यूडा बेंजामिन यांचेही काही बालपण चार्ल्स्टनमध्ये गेले. त्यांचे वडील सुधारित संस्थेचे सभासद होते.

यादवी युद्ध व त्यानंतर : अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) शहरावर तोफांचा मारा सुरू झाल्यावर सिनेगॉगमधील ऑर्गन व तोराच्या (चर्मपटावर हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या सुरक्षिततेसाठी कोलंबिया येथे हलविण्यात आल्या, फेब्रुवारी १८६५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्या नष्ट झाल्या. दारिद्र्य आणि घटलेली संख्या यांमुळे १८६६ मध्ये बेथ एलोहिम व शेरिथ इझ्राएल ही मंडळे एकत्र आली. १८७३ मध्ये देशातील सुधारणावादी मंडळांचा संघ स्थापन झाला, त्यात बेथ एलोहिम सामील झाले. चार्ल्स्टनचे अग्रस्थान मात्र यापूर्वीच संपले होते. कापसाची लागवड पश्चिमेकडे सरकल्याने व न्यूयॉर्क बंदराचा उत्कर्ष झाल्याने तरुण पिढी न्यू ऑर्लीन्स, न्यूयॉर्क यांसारख्या शहरांकडे वळली होती.

नवे स्थलांतरित : प्रशिया व पोलंड येथून आलेल्या आश्केनाझींनी १८५४ मध्ये ‘ब्रिथ शोलोम’ हे सनातनी मंडळ स्थापन केले. १८८० नंतर रशियन साम्राज्यातून, विशेषतः वॉर्सॉजवळील कालुशिन या गावातून, अनेक कुटुंबे आली. किंग स्ट्रीटच्या वरच्या भागात त्यांनी कापड, फर्निचर, चपला व किराणा यांची दुकाने थाटली. शनिवारी यांतील अनेक दुकाने बंद असत. यिद्दिश बोलणारे हे ‘वरच्या पेठेतील’ ज्यू आणि हेझल स्ट्रीटच्या सिनेगॉगला जाणारे, दीडशे वर्षांपासून स्थायिक असलेले ‘खालच्या पेठेतील’ ज्यू यांच्यातील अंतर काही पिढ्या टिकले. १९११ मध्ये ‘बेथ इझ्राएल’ हे आणखी एक सनातनी मंडळ निघाले. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते ब्रिथ शोलोममध्ये विलीन झाले. दरम्यान १९४७ मध्ये परंपरा व सुधारणा यांचा मध्यममार्ग स्वीकारणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाचे ‘इमॅन्यू-एल’ मंडळ स्थापन झाल्याने आधुनिक ज्यू धर्माचे तिन्ही प्रमुख प्रवाह शहरात नांदू लागले. कॉलेज ऑफ चार्ल्स्टन येथे ज्यू अध्ययनाची सोय झाल्यापासून समाजाच्या इतिहासाचे पद्धतशीर संशोधनही होऊ लागले.

मूल्यमापन : न्यूपोर्ट येथील १७६३ च्या सिनेगॉगनंतर बेथ एलोहिमची १८४१ ची वास्तू ही अमेरिकेतील सर्वांत जुनी सिनेगॉग-इमारत असून १९८० मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ज्यूंना समान नागरिक म्हणून वागविणारे शहर मिळाल्याने येथील समाजाने आपला धर्म त्या नागरिकत्वाशी जुळवून घेण्याचा प्रयत्न अमेरिकेत सर्वांआधी केला आणि सामान्य उपासकांनीच त्याची सुरुवात केली, हे चार्ल्स्टनचे अमेरिकन ज्यू इतिहासातील स्थान होय. ही समता वर्णभेदाच्या चौकटीत मिळालेली होती व ती चौकट मान्य करूनच समाजाने ती उपभोगली. म्हणून चार्ल्स्टनच्या ज्यूंचा इतिहास दक्षिणेतील गुलामगिरीच्या इतिहासापासून वेगळा काढून लिहिता येत नाही.