जासूसी दुनिया आणि झुंजार

उर्दू अदबाच्या इतिहासात गालिब आणि इक्बाल यांना पानेच्या पाने मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या वडिलांच्या पिढीला रात्री कंदील विझवू न देणारा लेखक कोण, हे विचारले तर उत्तर वेगळे येते. ते उत्तर म्हणजे इब्ने सफी. मराठी वाचणाऱ्या शेजाऱ्याला हाच प्रश्न केला तर तो बाबूराव अर्नाळकरांचे नाव घेईल. अक्कलकोटसारख्या गावात, जिथे मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारात बोलल्या जातात आणि गुलबर्गा हाकेच्या अंतरावर आहे, तिथे ही दोन्ही नावे एकाच घरात घेतली गेली असतील तर नवल नाही.

या दोन्ही धारांचा उगम शोधत गेलो तर एक गंमत दिसते. विलायतेतील रेनॉल्ड्स हा लेखक. इंग्रजी साहित्याच्या दरबारात त्याला कोणी विचारत नव्हते. मराठीत गो. ना. दातारांनी त्याच्याच कादंबऱ्यांवरून 'कालिकामूर्ती'सारख्या रहस्यकथा रचल्या. उर्दूतही त्याचे तर्जुमे झाले. प्रेमचंदांनी आपल्या बालपणाविषयी लिहिताना ही पुस्तके आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा' गोरखपूरच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात बसून वाचल्याचे सांगितले आहे. त्या बदल्यात ते शाळेतल्या मुलांना दुकानदाराच्या गाइड आणि कुंज्या विकून देत. पुढे ते स्वतः शिक्षक झाले. हलके वाचन मुलाला बिघडवते, असे म्हणणाऱ्या आमच्या मास्तरलोकांनी हा दाखला जरूर लक्षात ठेवावा.

उर्दूत जासूसी कथेला तयार जमीन मिळाली, कारण दास्तानीतले अय्यार लोकांच्या ओळखीचे होते. वेश बदलणारा, कुलूप उघडणारा, चुटकीसरशी गायब होणारा अय्यार हा जासूसाचा आजोबाच. १९१६ साली जफर उमर या पोलीस अधिकाऱ्याने फ्रेंच लेखक लब्लांच्या कथेवरून 'नीली छतरी' लिहिली आणि तिच्यातला बहराम घराघरात पोहोचला. त्यानंतर तीरथराम फिरोजपुरींनी इंग्रजी रहस्यकथांच्या तर्जुम्यांचा धडाकाच लावला. माल बाहेरचा, भाषा आपली.

मराठीत अर्नाळकरांनी १९४२च्या सुमारास लेखणी धरली. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६चा, निधन १९९६चे. हजाराहून अधिक छोट्या कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावे आजही पन्नाशी-साठीच्या मराठी माणसाला ऐकवा, चेहरा खुलतो. (काळापहाड हे बंगालच्या सुलतानीतील एका सेनापतीचेही नाव होते. वाचणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक होते कोण जाणे.) त्यांची वाक्ये छोटी आणि संवाद सरळ. ज्याची घरची भाषा उर्दू किंवा दखनी, त्याला शाळेच्या पुस्तकातील संस्कृतप्रचुर मराठीपेक्षा झुंजारची मराठी लवकर समजते. भाषा शिकवण्याचे हे काम समीक्षकांनी कधी मोजलेच नाही.

इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यातील नारा गावी जन्मले आणि काही वर्षे शाळेत शिकवत होते. अश्लीलतेशिवाय लोकप्रिय पुस्तक खपत नाही, असे एका बैठकीत कोणी म्हणाले. त्यांनी ते आव्हान घेतले आणि मार्च १९५२ मध्ये 'जासूसी दुनिया'ची पहिली कादंबरी 'दिलेर मुजरिम' अलाहाबादेतून निघाली. प्रकाशक अब्बास हुसैनी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इब्ने सफी कराचीला गेले, पण मालिका थांबली नाही. लिखाण कराचीहून यायचे, पुस्तक अलाहाबादेत छापले जायचे. दोन देशांत वैर वाढत असताना एक जासूस सरहद्द ओलांडून दर महिन्याला येत होता, तोही उघडपणे! १९५५ पासून इमरान आला. वरून खुळा, आतून कमालीचा हुशार. १९६० ते १९६३ ही तीन वर्षे लेखक मानसिक आजाराने अंथरुणाला खिळला, वाचक वाट पाहत राहिले, आणि 'डेढ मतवाले' घेऊन तो परत आला. १९८० साली, जन्मतारखेलाच म्हणजे २६ जुलैला, त्यांचा इंतकाल झाला.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. फरीदी आणि हमीद हे कायद्याच्या बाजूचे अधिकारी आहेत. त्यांची नावे मुस्लिम आहेत आणि कथेत कोणीही त्यांना त्याबद्दल खुलासा मागत नाही. याच कादंबऱ्या हिंदीत आल्या तेव्हा फरीदीचा कर्नल विनोद झाला, इमरानचा राजेश झाला. दुय्यम हमीद मात्र हमीदच राहिला. प्रकाशकाने बाजाराचा हिशेब केला असेल. हिंदी वाचकांनी या पुस्तकांवर प्रेम केले, हेही खरे. पण हुशारीचे पहिले नाव बदलावे लागते आणि सोबत्याचे चालते, हा हिशेब मला बोचतो. मराठी रहस्यकथेत सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी नावाचा नायक रंगवला, तेव्हा त्या नावाने पुस्तक खपायचे थांबले नाही. शमसुर्रहमान फारुकींनी, दास्तानीचे सेहेचाळीस खंड जमवणाऱ्या त्या पंडिताने, इब्ने सफींच्या चार कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या आणि २०११ मध्ये त्या चेन्नईहून निघाल्या. तिथे फरीदी फरीदीच आहे.

आमच्या शाळेतील मुले उर्दू अक्षरे ओळखतात, पण सलग पन्नास पाने वाचायला कचरतात. त्यांना मी आधी फास्टर फेणे देतो, भा. रा. भागवतांचा. मग अशोक जैनांनी मराठीत आणलेला सत्यजित रायांचा फेलूदा. त्यानंतर 'जासूसी दुनिया'. गेल्या सत्रात एका मुलीने दोन दिवसांत पुस्तक परत आणले आणि विचारले, "सर, फरीदी मराठीत नाही का?" तिच्या आजीला उर्दू लिपी येत नाही, मराठी येते. आजीला ती रोज रात्री एक बाब तोंडी मराठीत सांगते आहे.