डुकराच्या कानावरून पेटलेलं वैर

‘हॅटफील्ड्स अँड मॅककॉय्ज’ ही दोन घराण्यांच्या वैरावरची २०१२ ची मालिका पाहताना मी सर्वांत जास्त रमलो ते डुकराच्या खटल्यात. टग फोर्क नदीच्या अल्याड केंटकी, पल्याड वेस्ट व्हर्जिनिया. डुकरं रानात मोकळी चरत. मालक ओळखायचा कानाला पाडलेल्या खाचांवरून. १८७८ मध्ये रँडॉल्फ मॅककॉयनं फ्लॉइड हॅटफील्डवर चोरीचा आळ घेतला. ज्यूरीत दोन्ही घराण्यांचे सहा-सहा जण. सेल्कर्क मॅककॉयनं हॅटफील्डांच्या बाजूनं कौल दिला. पुढे वैर वाढत गेलं. १८८२ मध्ये एलिसन हॅटफील्डचा जीव गेला, बदल्यात तीन मॅककॉय भावांना झाडांना बांधून गोळ्या घातल्या. १८८८ च्या नववर्षदिनी मॅककॉयांचं घर पेटवलं. त्यात रँडॉल्फची मुलगी ॲलिफेअर आणि मुलगा कॅल्विन मारले गेले. मालिकेतला केविन कॉस्नरचा डेव्हिल ॲन्स, म्हणजे हॅटफील्डांचा प्रमुख, लोकांच्या लक्षात राहतो. मला वाटतं, या वैराचा इतिहास सांगताना पहिलं नाव ॲलिफेअरचं घ्यावं.