परिचर्या कुठे संपते आणि वैद्यकी कुठे सुरू होते? लहान गावातील दवाखान्यांची एक न्यायालयीन कथा

1983 च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वादाचा निकाल दिला. वादाचे नाव ‘सर्मचीफ विरुद्ध गोन्झालेस’. प्रश्न असा होता की, दोन परिचारिका जे काम करीत होत्या ते परिचर्या होते की परवान्याविना केलेली वैद्यकी?

काम काय होते, हे आधी पाहू. पूर्व मिसुरीतील ग्रामीण भागात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एक सेवासंस्था कुटुंबनियोजनाचे आणि स्त्रीआरोग्याचे दवाखाने चालवीत असे. तेथील परिचारिका रुग्णाचा पूर्वेतिहास विचारीत, स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी करीत, पॅप चाचणीसाठी नमुने घेत, गर्भनिरोधक गोळ्या देत. हे सारे संस्थेच्या पाच डॉक्टरांनी सही केलेल्या लेखी सूचनांनुसार चाले. त्या सूचनांच्या पलीकडचे काही आढळले, तर रुग्ण डॉक्टरांकडे पाठवला जाई.

कोणालाही इजा झाली नव्हती. तसा दावाही कोणी केला नव्हता. तरीही राज्याच्या वैद्यक मंडळाने परिचारिकांवर बेकायदा वैद्यकीचा आणि डॉक्टरांवर त्यांना साहाय्य केल्याचा ठपका ठेवण्याची तयारी चालवली. तेव्हा परिचारिका आणि डॉक्टर एकत्र न्यायालयात गेले. डॉक्टर परिचारिकांच्या बाजूने उभे होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

हा पेच समजून घेण्यासाठी अठरा वर्षे मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वैद्यकशास्त्र विशेषज्ञतेकडे वळले, विशेषज्ञ मोठ्या शहरांत स्थिरावले आणि लहान गावातील म्हातारा डॉक्टर निवृत्त झाला की त्याच्या जागी कोणी येईनासे झाले. लोरेटा फोर्ड या कोलोरॅडोतील सार्वजनिक आरोग्य परिचारिका. आपल्याकडे उपकेंद्रातल्या नर्सबाईंवर जशी सगळी भिस्त असते, तशीच ती तेथील वस्त्यांवरही परिचारिकेवर होती. बाळाचे वजन, लसीकरण, खोकला, ताप यांसाठी लोक तिच्याकडेच येत. मात्र ‘हा अमुक रोग आहे’ असे म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता. 1965 मध्ये फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात अनुभवी परिचारिकांसाठी नवा अभ्यासक्रम सुरू केला. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही ओळख तेथे जन्मली.

विरोध केवळ डॉक्टरांकडून झाला असे समजणे चुकीचे ठरेल. परिचर्येच्या काही नामवंत प्राध्यापिकांनाच हा प्रयोग म्हणजे स्वतःचा व्यवसाय सोडून डॉक्टरांचे दुय्यमपण पत्करणे वाटले. फोर्ड यांना दोन आघाड्यांवर लढावे लागले.

शिक्षण मिळाले, पण कायदा जुनाच होता. 1971 मध्ये आयडाहो या विरळ वस्तीच्या राज्याने सर्वप्रथम परिचारिकेच्या कायदेशीर कार्यकक्षेत निदान आणि उपचार यांना जागा दिली. 1977 च्या ग्रामीण दवाखाना कायद्याने पैशाची गाठ सोडवली. डॉक्टरांची टंचाई असलेल्या ग्रामीण भागात नर्स प्रॅक्टिशनरने दिलेल्या सेवेचा मोबदला सरकारी आरोग्यविम्यातून मिळू लागला. त्या वेळी डॉक्टर दवाखान्यात हजर असण्याची अट राहिली नाही. हा कायदा झाला नसता, तर ‘निवड’ हा शब्द लहान गावाच्या संदर्भात पोकळच राहिला असता. ज्याचे बिल विमा भरत नाही, त्याच्याकडे गरीब रुग्ण जाणार कसा?

मिसुरीनेही 1975 मध्ये आपला परिचर्या कायदा बदलला होता. परिचारिकेच्या कामांची यादी देताना त्यात ‘एवढ्यापुरतेच मर्यादित नाही’ अशा अर्थाचे शब्द घातले होते आणि डॉक्टरच्या थेट देखरेखीची अट वगळली होती. खालच्या न्यायालयाने तरीही परिचारिकांविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फिरवला. विधिमंडळाने व्याख्या जाणूनबुजून मोकळी ठेवली आहे; परिचर्या आणि वैद्यकी यांच्यात पक्की रेघ ओढणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे होते. मात्र परिचारिकेने आपल्या ज्ञानाच्या मर्यादा ओळखून वागले पाहिजे, हेही त्यांनी बजावले.

आज अमेरिकेतील एखाद्या लहान गावात नव्याने राहायला आलेला माणूस दवाखाना शोधतो, तेव्हा जाणते शेजारी त्याला काही गोष्टी पाहायला सांगतात. परवाना राज्याच्या परिचर्या मंडळाच्या नोंदीत आहे का? प्रमाणपत्र कौटुंबिक आरोग्याचे आहे, बालरोगाचे की मानसिक आरोग्याचे? बाईंना कोणती औषधे लिहिता येतात? आपला विमा चालतो का? रोग हाताबाहेर गेला तर त्या कोणाकडे पाठवतात? या प्रत्येक प्रश्नामागे वरचा एखादा झगडा दडलेला आहे. विम्याच्या प्रश्नामागे 1977 आहे. ‘कोणाकडे पाठवतात’ या प्रश्नामागे त्या पाच डॉक्टरांच्या सह्यांचा कागद.

उत्तरे राज्यागणिक बदलतात. निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर आता डॉक्टरच्या कराराविना स्वतंत्र दवाखाना चालवू शकते. गंमत अशी की, एवढा गाजलेला निकाल देणारे मिसुरी त्यांत नाही. तेथे 1993 च्या कायद्याने डॉक्टरशी लेखी सहकार्य-कराराची पद्धत आणली, आणि नंतरच्या नियमांनी तो डॉक्टर किती मैलांच्या आत असावा हेसुद्धा ठरवले. डॉक्टरचा तुटवडा आहे म्हणून नर्स प्रॅक्टिशनर हवी, आणि नर्स प्रॅक्टिशनर हवी तर जवळपास डॉक्टर हवा!

म्हणून तेथील रुग्णाच्या यादीत आणखी एक प्रश्न असतो: बाईंचा करार कोणत्या डॉक्टरशी आहे आणि तो किती वयाचा आहे? कारण तो डॉक्टर निवृत्त झाला किंवा दुसऱ्या राज्यात गेला, तर नवा डॉक्टर मिळेपर्यंत बाईंना औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही, मग बाहेर बाकावर कितीही माणसे बसलेली असोत.