सायीच्या रंगाचा ओटा आणि वऱ्हाडचा काळा दगड

अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेडशी हे गाव आहे. पातूर मागे पडले की घाट लागतो, आणि रस्त्यासाठी जेथे जेथे डोंगर फोडला आहे तेथे एकच दगड दृष्टीस पडतो : काळा. याच परिसरात आज नवे घर बांधणारे लोक फरशीच्या दुकानात जातात तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्यासाठी त्यांच्यापुढे सायीच्या रंगाच्या दगडाचे नमुने मांडले जातात. वरवर पाहता हा केवळ आवडीचा प्रश्न. परंतु फिकट दगड या मुलखात चुलीपर्यंत कसा पोहोचला याचा माग काढू लागले की वाकाटक, मोगल, आगगाडी आणि गॅसचा सिलिंडर अशी सारी मंडळी वाटेत भेटतात. हा धागा त्या प्रवासाविषयी.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले आणि थिजले. त्यांपासून बेसाल्ट बनला. वऱ्हाडचा घाटमाथा, लोणारचे विवर, वेरूळ आणि अजिंठा हे सारे त्याच दगडात. फिकट असे काही या खडकात आढळलेच तर ते त्याच्या पोकळ्यांतील कॅल्साइट व झिओलाइट यांचे स्फटिक. घरात येणारा पांढरा दगड म्हणजे शिरगोळा, आणि तोही लादी म्हणून नव्हे, तर कुटून, चाळून, रांगोळी होऊन. उंबऱ्यापुढची ती पांढरी रेघ सायंकाळपर्यंत पायांखाली पुसली जाई.

मग उजळ पृष्ठभाग हवाच असेल तर काय करावे? याचे सर्वांत जुने आणि सर्वांत देखणे उत्तर वाशीमच्याच राजकुळाच्या काळात मिळते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. त्याचा शिलालेख तेथे आजही आहे. खोदलेल्या काळ्या भिंतीवर भुसा आणि तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरट लेप, आणि त्यावर चित्रे. दगड काळाच राहिला. उजळपणा त्यावर चढविला गेला. पुढे सामान्य घरांनीही हीच रीत पाळली, फक्त लेपाच्या जागी शेणामातीचे सारवण आले.

खराखुरा फिकट दगड प्रतिष्ठेच्या जागेसाठी राखलेला असे. अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाळी दरवाजा पंधराव्या शतकाच्या अखेरीस, बहमनी अमदानीत उभा राहिला. तो पांढरट वालुकाश्माचा असून त्यावर कमळे आणि अरबी लेख कोरलेले आहेत. औरंगाबादचा बीबी का मकबरा तर या गोष्टीचे हिशेबी उदाहरण ठरावा. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू हिच्या या कबरीला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आल्याचे नमूद आहे. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटापुरता. मधल्या भिंती बेसाल्टच्या, वरून गुळगुळीत चुन्याचा गिलावा दिलेल्या. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने लादलेले ३०० हून अधिक गाडे पाहिल्याचे लिहिले आहे. त्यांतील लहानात लहान गाड्यालाही १२ बैल जुंपलेले होते. शाहजाद्याच्या आईच्या कबरीलाही संपूर्ण पांढरा दगड परवडू नये, हे काळ्या दगडाच्या मुलखातले वास्तव. अशा दगडावर कोणी पीठ मळेल, ही कल्पनाही त्या काळी कोणाला शिवली नसती.

स्वयंपाकघराचा दगड होता तो इथलाच. जाते, पाटा, वरवंटा, उखळ : सारे काळ्या पाषाणाचे. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारे दारोदार येत आणि छिन्नीने त्याला पुन्हा खरखरीत करीत. बेसाल्ट कठीण, आणि चिंचेच्या कोळाने वा लिंबाच्या रसाने त्याचे काही बिघडत नाही. मग त्याचाच ओटा का झाला नाही? कारण हा दगड सहसा पातळ, रुंद लाद्यांत सुटत नाही. तो ठोकळ्यांत फुटतो. यंत्राची करवत नसताना त्याचा पाटा निघतो, ओट्याचा पाच-सहा हात लांब तक्ता निघत नाही.

शिवाय ओट्याची गरजही नव्हती. चूल जमिनीवर होती आणि तिच्यापुढे पाटावर बसूनच स्वयंपाक होई. ‘ओटा’ हा शब्द तेव्हा घरापुढच्या उंचवट्याचा होता. तेथे पुरुषमंडळींच्या गप्पा रंगत. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जळत. छताच्या आढ्यापर्यंत काजळी धरे. अशा खोलीत फिकट पृष्ठभाग टिकवायचा तर तो रोज नव्याने करावा लागे, आणि तसा तो केलाही जाई. चुलीला रोज पोतेरे फिरे. त्या रोजच्या श्रमाची नोंद कोणत्याही शिलालेखात नाही, ही इतिहासाची जुनी सवय.

हे चित्र बदलण्याची पहिली तयारी रेल्वेने केली. १८७१ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून आलेला मार्ग रायचूर येथे मद्रास रेल्वेला मिळाला. या लोहमार्गाच्या कडेला दोन गावे होती, ज्यांची नावे मराठी घरांत पुढे दगडांचीच नावे झाली : शहाबाद आणि कडप्पा. दोन्हीकडचा दगड चुनखडीचा, थरांनी बनलेला, म्हणून पहारेने सपाट लाद्यांत सुटणारा. करवतीची गरज कमी, आणि वाहतुकीला आगगाडी हाताशी. शहाबादी फरशी पायांखाली गेली, कडप्पा ओट्यावर चढला. आजही मराठी घरात ‘कडप्पा बसवला’ म्हटले की कोणाला आंध्रातील जिल्हा आठवत नाही.

ओटा उभा राहिला तो मात्र चूल जमिनीवरून उठल्यानंतर. रॉकेलच्या स्टोव्हने चूल हलती केली. १९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकण्यास प्रारंभ केला. गॅसच्या शेगडीचा एक साधा नियम आहे : शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी. म्हणजे ओटा हवाच, आणि त्याखाली सिलिंडरला जागाही हवी. युरोपात मार्गारेटे शुट्टे-लिहोत्झ्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली पावले मोजून आटोपशीर ‘फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर’ आखले होते. मराठी घरात तेच काम पुष्कळ अंशी एका लोखंडी सिलिंडरने केले. शतकानुशतके पाटावर बसून रांधणारी स्त्री उभी राहिली. गुडघ्यांना विसावा मिळाला, टाचांना मिळाला नाही.

खेड्यांत हा बदल उशिरा पोहोचला. गरीब कुटुंबांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, यावरूनच धूर किती काळ रेंगाळला हे ध्यानात येईल. आणि धूर गेल्यावाचून सायीच्या रंगाला ओट्यावर स्थान नव्हते. कडप्प्याचा काळा रंग काजळी झाकी, म्हणूनही तो पिढ्यानपिढ्या खपला. फिकट ओटा ही त्या अर्थाने निर्धूर स्वयंपाकघराची खूण आहे.

आता निवडीकडे वळू. दुकानात एकाच रंगाचे जे तीन दगड शेजारी मांडलेले असतात, त्यांचा स्वभाव पूर्णपणे भिन्न असतो. पहिला संगमरवर अथवा इटलीच्या बोतिचीनोसारखा चुनखडक. दिसायला तो सर्वांत सुंदर. पण तो कॅल्शियम कार्बोनेटचा. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो यांतले आम्ल त्याची झिलई खाऊन टाकते. कडप्पाही चुनखडीचाच, त्यामुळे त्यावरही असे चट्टे पडतात. ते लपविण्यासाठी गृहिणी त्यावर तेलाचा हात फिरवीत आल्या. फिकट दगडाला हा उपाय चालत नाही, तेलाने तो डागाळतो.

दुसरा ग्रॅनाइट. आम्लाला तो दाद देत नाही, तापल्या कढईलाही भीत नाही. मात्र फिकट जातींचे ग्रॅनाइट पुष्कळदा सच्छिद्र असतात, आणि वाशीम हा तर हळद पिकविणारा जिल्हा. फोडणीच्या हळदीचे तेल अशा दगडात मुरते. नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. थोड्या वेळात तेथे दगड गडद झाला तर तो दगड शोषून घेणारा आहे असे समजावे. दुसऱ्या कोपऱ्यावर लिंबाचा थेंब रात्रभर ठेवला की चुनखडक स्वतःच ओळख देतो. ही परीक्षा विक्रेत्याच्या शब्दापेक्षा भरवशाची. हळदीचा रंग उन्हात विटतो, म्हणून खिडकीजवळच्या ओट्यावरचा डाग लवकर फिका होतो.

तिसरा ‘क्वार्ट्झ’. हा खाणीतला दगडच नव्हे. गारेचा चुरा राळेत घट्ट बसवून कारखान्यात त्याचे तक्ते केलेले असतात. त्यात हळद मुरत नाही, रंग एकसारखा मिळतो, पण राळेमुळे तापलेले भांडे थेट ठेवता येत नाही. आणि त्याची खरी किंमत पावतीवर नसते. त्यात सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. तो कोरडा कापला की उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर देशभर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिकेचे प्रमाण याहून पुष्कळ कमी, परंतु धूळ त्याचीही घातकच. सिंकसाठी ओट्याला भोक पाडले जाते ते बहुधा घरातच, बंद खोलीत, हातातल्या यंत्राने. पात्यावर पाण्याची धार सोडली तर बरीचशी धूळ जागीच बसते. कारागिराच्या तोंडावर साध्या रुमालाऐवजी सूक्ष्म धूळ अडविणारा मुखपट्टा असावा, आणि धार धरायला दुसरा माणूस.