एमएमओआरपीजी म्हणजे काय? जुने ऑनलाइन गेम बंद का पडतात आणि परत कसे येतात?



आज ऑनलाइन गेम म्हटलं की बहुतेकांना बीजीएमआय आठवतो. पण २००० नंतरच्या दहा वर्षांत जे नेट कॅफेत बसले आहेत, त्यांच्या डोक्यात वेगळी नावं येतात: रॅग्नारोक ऑनलाइन, रूनस्केप, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. मी सोलापूरचा. आमच्याकडे कॅफेत जास्त करून लॅनवर काउंटर-स्ट्राइक चालायचं, पण कोपऱ्यातल्या दोन-तीन पीसीवर हे गेम खेळणारी मंडळी हमखास असायची. मी त्यांच्यातलाच एक. हे गेम नेमके कसे चालायचे, त्यातले काही कायमचे का गेले आणि काही परत कसे आले, हे आज आपण पाहू.

एमएमओआरपीजी म्हणजे काय?

पूर्ण नाव आहे मॅसिव्हली मल्टिप्लेअर ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम. सोप्या भाषेत सांगायचं तर एकच मोठं जग असतं आणि त्यात हजारो लोक एकाच वेळी आपापलं पात्र घेऊन वावरतात. कोणी तलवारबाज, कोणी जादूगार, तर कोणी व्यापारी.

बीजीएमआयची मॅच संपली की पुढची परत शून्यापासून सुरू होते. इथं तसं नाही. आज कमावलेली तलवार सहा महिन्यांनीही तुमचीच असते. तुम्ही लॉगआउट केलं तरी ते जग चालूच राहतं.

सुरुवात कुठून झाली?

- १९७८: इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' बनवला. चित्रं नाहीत, सगळा खेळ अक्षरांवर.
- १९९७: अल्टिमा ऑनलाइन.
- १९९९: एव्हरक्वेस्ट.
- २००१: रूनस्केप. ब्राउझरमध्ये चालायचा, त्यामुळे साध्या पीसीवरही जमायचा.
- २००२: कोरियाच्या ग्रॅव्हिटी कंपनीचा रॅग्नारोक ऑनलाइन. तो ली म्युंग-जिन यांच्या कॉमिकवर आधारलेला होता.
- २००४: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते.

भारतात रॅग्नारोक आणला तो लेव्हल अप या कंपनीने. त्या काळी ऑनलाइन पैसे भरायची सोय फार थोड्यांकडे होती, म्हणून मोबाइलच्या रिचार्जसारखं प्रीपेड कार्ड घेऊन खेळायचं.

रॅग्नारोकची एक गोष्ट जुने खेळाडू आजही सांगतात. प्रोंतेरा नावाच्या शहरात व्यापारी पात्रं रस्त्यातच दुकान मांडून बसायची. आमच्या होम मैदानावर जानेवारीत गड्डा भरतो, तशी ओळीने दुकानं! विकणारेही खरे खेळाडूच आणि घेणारेही. भाव कंपनी नाही, लोकच ठरवायचे.

एवढ्या कमी स्पीडवर हे चालायचं कसं?

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस होती. कॅफेत तेवढ्याच लाइनवर पाच-सहा पीसी असायचे. तरी गेम चालायचा, कारण चित्रं, नकाशे, आवाज हे सगळं आधीच सीडीवरून पीसीत टाकलेलं असायचं. नेटवरून जायचे ते फक्त छोटे निरोप: अमुक पात्र इथून तिथं गेलं, अमुकाने वार केला.

म्हणजे डेटा कमी लागायचा. खरी अडचण होती ती पिंगची. पिंग म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १२ हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान १२० मिलिसेकंद लागणारच. मधले राउटर आणि खराब लाइन धरली की ते सहज दुप्पट-तिप्पट व्हायचं. आपण पळालो असं आपल्याला दिसायचं, पण सर्व्हरच्या हिशेबात आपण अजून राक्षसापुढेच उभे.

त्यात भारनियमन. लाइट गेली की आपला पीसी बंद, पण सर्व्हरला ते लगेच कळत नाही. काही वेळ पात्र तिथंच उभं राहतं आणि मार खातं. शेजारचा "काय बे, मेला का?" म्हणेपर्यंत खेळ खलास.

पात्र नेमकं कुठं असतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या गेमचे तीन भाग असतात:

१. क्लायंट: आपल्या पीसीवरचा प्रोग्राम. तो फक्त दाखवायचं काम करतो.
२. गेम सर्व्हर: नियम इथं चालतात. वार लागला की नाही, हे हाच ठरवतो.
३. डेटाबेस: आपलं पात्र, पैसे, तलवार, मित्रांची यादी यांची नोंद इथं असते.

कॅफेतले बरेच पीसी असे सेट केलेले असायचे की रीस्टार्ट केल्यावर सगळं पुसलं जायचं. तरी आज सात रस्त्याजवळच्या कॅफेत सोडलेलं पात्र उद्या नवी पेठेतल्या कॅफेत जसंच्या तसं मिळायचं. कारण ते पीसीत नव्हतंच, ते कंपनीच्या डेटाबेसमध्ये होतं.

ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, अशा आमच्यासारख्या पोरांना यामुळेच खेळता आलं. आणि हे जग एका दिवसात नाहीसं होऊ शकतं, तेही याच कारणामुळे. मी ज्या गेमला तीन वर्षं दिली, त्याचा सर्व्हर एक दिवस बंद झाला. क्लायंटची सीडी अजून माझ्याकडे आहे. इन्स्टॉल होते, लॉगिनची खिडकीही येते, त्यापुढे काही नाही. गेलेल्या तलवारीचं मला काही वाटत नाही. पण आमच्या गटात एकजण कोइमतूरचा होता आणि एकजण गुवाहाटीचा. त्यांची खरी नावं मला कधीच माहीत नव्हती. आमची ओळख त्या डेटाबेसमधल्या मित्रयादीपुरतीच होती, ती यादी गेली आणि माणसंही गेली.

मग काही गेम परत कसे आले?

- जुना बॅकअप सापडला म्हणून: रूनस्केप बदलत गेला तसे जुने खेळाडू नाराज झाले. जॅगेक्स कंपनीकडे ऑगस्ट २००७ चा बॅकअप शिल्लक होता. साडेचार लाखांच्या आसपास लोकांनी मत दिलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ओल्ड स्कूल रूनस्केप सुरू झाला. २०१८ पासून तो मोबाइलवरही आहे.
- खेळाडूंनी रेटा लावला म्हणून: नोस्टाल्रियस नावाचा, जुना वॉरक्राफ्ट चालवणारा खासगी सर्व्हर एप्रिल २०१६ मध्ये ब्लिझार्डच्या कायदेशीर नोटिशीनंतर बंद झाला. त्यावर मोठी ओरड झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझार्डनेच वॉरक्राफ्ट क्लासिक आणला.
- परवाना मिळाला म्हणून: सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये बंद झाला. चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्यांच्या 'होमकमिंग' सर्व्हरला अधिकृत परवाना दिला.

म्हणजे दोन गोष्टी लागतात: कुठंतरी जपलेला कोड किंवा डेटा, आणि मालकाची तयारी. यातली एक नसेल तर बहुतेक वेळा गाडी तिथंच अडते.

खासगी सर्व्हरवर खेळावं का?

रॅग्नारोकसाठी आरअथेनासारखे ओपन सोर्स एम्युलेटर आहेत. यात मूळ सर्व्हर कसा वागतो ते पाहून त्याच्यासारखा वागणारा नवा प्रोग्राम लिहिलेला असतो. पण चित्रं आणि क्लायंट कंपनीच्याच मालकीचे असल्याने परवानगीशिवाय सर्व्हर चालवणं कायद्याच्या दृष्टीने अडचणीचं ठरू शकतं. शिवाय अनोळखी इन्स्टॉलरमधून व्हायरस येण्याची भीती असते. जुना किंवा ईमेलचा पासवर्ड तिथं वापरू नका. मी तरी अधिकृत पर्याय असेल तर तोच निवडतो.

आज खेळत असाल तर एवढं करा

- गेमबाहेरही मित्रांचा संपर्क ठेवा.
- स्क्रीनशॉट आणि चॅट लॉग स्वतःकडे सेव्ह करा. सर्व्हर गेला तरी ते राहतात.
- गेममधली वस्तू 'विकत' घेताना लक्षात ठेवा, तुम्हाला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना.

हा शेवटचा मुद्दा आता जगभर चर्चेत आहे. मार्च २०२४ मध्ये युबिसॉफ्टने 'द क्रू' हा गेम बंद केला, तेव्हा पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिला १० लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. मागणी साधी आहे: सेवा बंद करायची तर करा, पण लोकांना स्वतःच्या जोरावर गेम चालवता येईल अशी सोय ठेवून जा.

माझ्याकडच्या त्या सीडीसाठी ही मागणी फार उशिरा आली. आज बारा-पंधरा वर्षांची पोरं ज्या गेममध्ये मित्र जोडतायत, त्यांच्यासाठी अजून वेळ गेलेली नाही.