मेलो कोण, ता आदी सोदा

परवा भाचा पडवीत बसून मोबाईलवर सीआयडीचे जुने तुकडे बघत होता. दयाने दार तोडलं, थप्पड बसली, आरोपीने घडाघडा सगळं सांगून टाकलं. खेळ खलास! भाच्याने मान वर केली आणि विचारलं, "मामा, खरोखर असा असता?"

मला एकदम नायगावची पोलीस लाईन आठवली. आणि काका आठवले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मे महिन्यात आम्ही मालवणहून एसटीने मुंबईला जायचो. लोक मे महिन्यात मुंबईहून गावाला येतात, आम्ही उलटे! वडिलांचे धाकटे भाऊ मुंबई पोलिसात हवालदार. त्यांच्या खोलीत टीव्ही होता आणि त्या टीव्हीवर 'एक शून्य शून्य' लागायचं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. १०० हा तेव्हा पोलीस कंट्रोल रूमचा नंबर (आता ११२ आहे), तेच मालिकेचं नाव. मुंबई पोलिसांनी उलगडलेल्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेली मालिका. ती करणारे बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, मुंबई दूरदर्शनवर बातम्यांसाठी कॅमेरा चालवलेले. बँकेत नोकरी करत नाटकं करणारे शिवाजी साटम त्यात होते.

मालिका लागली की शेजारची चार पोरंही खोलीत येऊन बसायची. मी एकदा म्हटलं, "काका, ह्यो इन्स्पेक्टर तुमच्यासारखोच दिसता." काका हसले. "मी हवालदार रे झिला. इन्स्पेक्टर जीपीन जाता, हवालदार चलत जाता."

पण मालिका ते लक्ष देऊन बघत. एकदा भाग संपल्यावर म्हणाले, "आदी मेलेल्याचा नाव काडल्यांनी, ता बरा केल्यांनी. कोणी मारल्यान ता मगे. मेलो कोण, ता आदी सोदा."

तेव्हा मला ह्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मेलेला माणूस कोण हे शोधायचं कशाला, ते माहीतच असणार ना! आमच्या गावात कोणी गेलं तर वाडीभर पाच मिनिटांत कळतं, तीन पिढ्यांच्या हकिकतीसकट. मारणाराही बहुधा माहितीतलाच असतो. मुंबईत तसं नाही, हे मला फार उशिरा कळलं. तिथे मेलेल्याला कोणी ओळखत नाही, मारणाऱ्याला कोणी ओळखत नाही, आणि शेजारचा म्हणतो, "येता-जाता बघितलंय, नाव नाय माहीत." अशा वेळी पोलिसांकडे काय असायचं? शर्टाच्या कॉलरवरचं टेलरचं लेबल. कपड्यावरची धोब्याची खूण. खिशातली एसटीची तिकिटं. ह्या असल्या चिंध्यांवरून टेलर शोधायचा, टेलरवरून गिऱ्हाईक, गिऱ्हाइकावरून गाव. हे सगळं चालत. हवालदार चलत जाता!

मला वाटतं डिटेक्टिव्ह ही चीजच अनोळखी माणसांच्या शहराची आहे. मराठीत त्याआधी रहस्यकथा काय कमी होत्या? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहिल्या. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत त्यांची गठ्ठ्याने पुस्तकं होती. पण झुंजार आणि काळा पहाड हे हिरो! त्यांना पंचनामा करावा लागत नाही, दहा साक्षीदार खोटं बोलले म्हणून अकराव्याकडे जावं लागत नाही. 'एक शून्य शून्य'ने पहिल्यांदा आमच्या घरात साधा, दमलेला, नोकरी करणारा तपास आणला.

आणि तो खरा होता. १९६८ साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसं मारली जात होती, तेव्हा क्राइम ब्रँचचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी होते. ऑगस्टमध्ये रामन राघवला पकडलं ते अॅलेक्स फियालो नावाच्या सब-इन्स्पेक्टरने, वर्णन डोक्यात पक्कं ठेवून रस्त्यात ओळखून. ना गोळीबार, ना पाठलाग. आज रामन राघव सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यावर सिनेमे निघाले. त्याने मारलेल्यांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल का आपल्याला? मला नाही येणार.

ह्याच शहरात दुसरीही एक वाट तयार होत होती. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने मेला. मुंबईची पहिली चकमक म्हणून तिचं नाव घेतात. बरोब्बर आठवड्याने, १८ जानेवारीला, गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यांत आमच्या कोकणातले किती! पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गँगवॉर आलं, चकमकी वाढल्या, आणि लोकांना तपासापेक्षा गोळी पटायला लागली. तपासाला वेळ लागतो. गोळीला काय लागतं?

२१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सीआयडी सुरू झाली. पुन्हा बी. पी. सिंग, पुन्हा शिवाजी साटम. त्याच आठवड्यात, २६ जानेवारीला, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली. म्हणजे मुंबई आम्हाला जवळ आली आणि मुंबईचा पोलीस टीव्हीवर हिंदी बोलायला लागला, दोन्ही एकदमच! २०१८ पर्यंत ती चालली, दीड हजाराच्या वर भाग, आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. मी नावं ठेवणार नाही, मीही आवडीने बघितलीय. २००४ मध्ये १११ मिनिटांचा भाग एकाच शॉटमध्ये घेतला होता, त्याला हिंमत लागते. पण हळूहळू मेलेला माणूस पहिल्या दोन मिनिटांपुरता उरला आणि शेवट थपडेवर आला.

गंमत बघा. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. १८७२ च्या कायद्यात तसं होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसंच आहे. फार तर आरोपीने सांगितलेल्या जागी हत्यार सापडलं, तर तेवढा भाग धरतात. इंग्रजांचासुद्धा आपल्या पोलिसांच्या थपडेवर विश्वास नव्हता! म्हणजे मालिका जिथे संपते, तिथे काकांचं काम सुरू व्हायचं.

२०२४ मध्येच 'मानवत मर्डर्स' आली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ मध्ये झालेले बायकांचे आणि मुलींचे खून, आणि तपासाला मुंबईहून गेलेले तेच रमाकांत कुलकर्णी. आशुतोष गोवारीकरांनी ते काम केलंय. बघताना मला बरं वाटलं. तपास पुन्हा चालायला लागला होता.

काका निवृत्त होऊन गावी आले, काही वर्षांपूर्वी गेले. शेवटी शेवटी एकदा त्यांनी सांगितलं होतं. रेल्वे लाईनजवळ सापडलेल्या एका माणसाचं गाव शर्टाच्या लेबलावरून शोधत ते आमच्याच तालुक्यातल्या एका टेलरपर्यंत आले होते. घर सापडलं. आई होती. खुनी मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही. मी म्हटलं, "म्हणजे केस सुटाक नाय." काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिका कळला ना, झील खंय गेलो ता."

भाच्याला मी एवढंच सांगितलं की असं नसतं, वेळ लागतो. त्याने पुढचा तुकडा लावला. असो.