राणीचे छत्र आणि बोर्डाची रेल्वे

तंजावरच्या पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरवर नीडामंगलम नावाचे छोटे गाव आहे. काही वर्षांपूर्वी निवडणूक निरीक्षक म्हणून त्या भागात गेलो असता तेथील रेल्वे फाटकापाशी माझी गाडी पंचवीस मिनिटे अडकली. चालकाला त्याचे काहीच वाटले नाही. इंजिन बंद करून तो म्हणाला, "या गावात तुमच्या मराठी राणीचे छत्रम् आहे, साहेब." मी गप्प राहिलो, कारण मला ते ठाऊक नव्हते. परतल्यावर वाचन केले, त्यातून हे टिपण.

ती राणी म्हणजे यमुनांबा, तंजावरचे राजे प्रतापसिंह भोसले (राज्यकाल १७३९ ते १७६३) यांची पत्नी. तिच्या नावावरून या गावाला यमुनांबापुरम असेही म्हणत. रामेश्वराला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी भोसल्यांनी ठिकठिकाणी अशी छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी जमिनी लावून दिल्या. पुष्कळ छत्रांना राजस्त्रियांची नावे आहेत.

१७९९ मध्ये राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. छत्रे तरी आपल्या हातून जाऊ नयेत म्हणून सरफोजी दुसरे यांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहिले. प्रत्येक प्रशासकाने ते वाचावे असे मला वाटते. विनवणी त्यात आहेच, पण मुख्यतः कारभाराचे वर्णन आहे: ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्वांना अन्न मिळते, ज्याला शिजवलेले चालत नाही त्याला शिधा मिळतो, आजाऱ्यांना औषध, अनाथ मुलांना दूध मिळते. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले आणि मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, अशी हाक दिली जाई. लाभार्थ्यांच्या याद्या करण्यात माझी नोकरी गेली. यादीतून सुटलेल्याला रात्री हाक मारण्याची तरतूद मी कोणत्याही शासन निर्णयात वाचलेली नाही.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि तंजावरचे राजपद संपले. पुढच्या सहा वर्षांतच रेल्वे आली. ग्रेट सदर्न ऑफ इंडिया कंपनीने नागपट्टणम बंदरापासून तंजावरपर्यंतची रुंद लोहमार्गाची लाईन १८६१ मध्ये सुरू केली. दुसऱ्या वर्षी ती तिरुचिरापल्लीला पोहोचली. नीडामंगलम वाटेवरच होते, म्हणून तेथे स्टेशन झाले. १८७४ मध्ये ही कंपनी साउथ इंडियन रेल्वेत विलीन झाली आणि काटकसरीसाठी रुंद मार्ग उखडून मीटरगेज घालण्यात आला. मोठ्या मार्गाचा लहान करणे हा उलटा प्रकार आपल्या देशात घडलेला आहे, हे आज कोणाला खरे वाटणार नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. तंजावर जिल्हा बोर्डाने आपली स्वतःची रेल्वे बांधायचे ठरविले. त्यासाठी जमीनधारकांवर रुपयामागे तीन पै, म्हणजे पाव आणा, असा खास उपकर बसविला. त्या पैशांतून मायावरम ते मुत्तुपेट्टै हा ५४ मैलांचा मार्ग २ एप्रिल १८९४ रोजी खुला झाला आणि १९०३ अखेर तो अरंदांगीपर्यंत गेला. गाड्या साउथ इंडियन रेल्वे चालवी, मालकी बोर्डाची. आपल्याकडची बार्शी लाईट रेल्वे लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची होती. येथे मात्र भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा पाव आणा रुळांत गेला होता. नीडामंगलमहून दक्षिणेकडे मन्नारगुडीला जाणारा सुमारे चौदा किलोमीटरचा फाटाही याच बोर्डाचा. त्यामुळे नीडामंगलम जंक्शन झाले.

आणि राजांच्या छत्रांचा कारभारही याच स्थानिक बोर्डांकडे आलेला होता! एका हाताने बोर्ड रेल्वे वाढवीत होते. रेल्वेमुळे पायी यात्रेकरू कमी होत होते. आणि त्या यात्रेकरूंसाठी ठेवलेल्या जमिनींचे उत्पन्न दुसऱ्या हातात जमा होत होते. त्यातला काही भाग शाळांकडे वळविला गेला. ओरत्तनाडू आणि राजामडम येथील शाळा छत्रांच्या पैशावर चालल्या. दात्याचा हेतू बदलण्याचा हा प्रकार कायद्याने तपासून घ्यावा असाच आहे. तरी मी त्या जागी असतो तर माझाही शेरा बहुधा तसाच पडला असता. सरफोजींच्या छत्रांत शिक्षणाचीही सोय होती, हे विसरता येत नाही.

रेल्वेने माणसे एका डब्यात बसविली, एका पंगतीत नव्हे. दक्षिणेतील स्टेशनांवरच्या उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी वेगळी जागा असे. पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चळवळीनंतर ती प्रथा १९४१ मध्ये बंद झाली. छत्रांतही पंगती वेगळ्याच होत्या, हे सांगितले पाहिजे. पण भूक कोणाची, हे तेथे पाहिले जात नसे.

गावाचे नाव मात्र रुळांपेक्षा तविलच्या नादाने दूर गेले. तविलवादक नीडामंगलम मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै (१८९४-१९४९) येथलेच. याच तंजावर मुलखात १८६०च्या दशकात मोरगावकर रामचंद्रबुवांच्या मराठी कीर्तनांनी श्रोते जिंकले आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या वळणावर तमिळ हरिकथा घडविली. तिच्यात साकी आणि दिंडी आजही ऐकू येतात.

विळुपुरम ते तिरुचिरापल्ली हा जवळचा मार्ग १९२०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाला आणि मद्रासच्या वेगवान गाड्या तंजावरला वळसा घालू लागल्या. १९७०च्या दशकात मन्नारगुडीचा फाटा तोट्याचा म्हणून बंद पडला. तोवर जिल्हा बोर्डे इतिहासजमा झाली होती. ज्यांच्या आजोबांनी पाव आणा भरला होता त्यांना विचारण्याची जागाच उरली नव्हती. तोट्याच्या हिशेबात तो पाव आणा कोणत्या रकान्यात दाखवला असेल, असा प्रश्न मला पडतो.

तो मार्ग नव्याने, रुंद होऊन, २०११ च्या सप्टेंबरात सुरू झाला. १९९७ पासून नीडामंगलम तिरुवारूर जिल्ह्यात आहे. छत्रांच्या जमिनींचा कारभार मात्र अजूनही सरकारी दप्तरातच आहे.

त्या दिवशी अखेर एक लांबलचक मालगाडी गेली. फाटक उघडताना घंटा वाजली आणि दोन्ही बाजूंची वाहने एकदमच पुढे घुसली. मन्नारगुडीला पोहोचायला मला उशीर झाला.